अंगणावर सांडलेलं तेल

१

"काकू, वर या! माह्या अंगणाचं वाटोळं झालं!"

जिन्याच्या मध्यावर उभी राहून भावना ओरडली, तेव्हा रमाबाई पांढरीपांडे यांच्या हातात पोह्यांची बशी होती आणि दाताखाली हिरवी मिरची. मिरची तशीच गिळून त्या वर धावल्या. मागून सगळेच धावले.

ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी मंडळाच्या वरच्या हॉलात दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. विषय होता शांतता आणि सहजीवन. राज्य नवं, राजधानी नवी, कचेऱ्या नव्या, आणि कचेऱ्यांच्या भिंती अजून उघड्याबोडक्या. म्हणून सरकारी खात्याने कबूल केलं होतं, की प्रदर्शनात पहिलं येणारं काम एका नव्या कचेरीच्या दर्शनी भिंतीवर कायमचं लागेल. दुपारीच खात्याच्या बाई येऊन निवड करून गेल्या होत्या. पहिलं आलं भावना मेश्रामचं 'अंगण'. दुसरा आला रमाबाईंचा भरतकामाचा पडदा.

"दुसरा" हा शब्द दुपारपासून रमाबाईंच्या घशात बोराच्या आठळीसारखा अडकला होता. दोन हिवाळे डोळे फोडून त्यांनी एका डोणीवर पाणी पिणारी तऱ्हेतऱ्हेची पाखरं भरली होती. ती पाखरं कुठे लागली? खांबामागे, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी. आणि काल परवा ब्रश धरायला शिकलेली ही पोट्टी दर्शनी भिंतीवर!

पण चित्र होतं बाकी देखणं. पातळ कोशाच्या रेशमी कापडावर रंगवलेलं, पडद्यासारखं छतापासून जमिनीपर्यंत टांगलेलं. संध्याकाळची वेळ, मधोमध एक मोठं अंगण आणि भोवती निरनिराळ्या पाऱ्यांतल्या, म्हणजे मोहल्ल्यांतल्या, घरांची दारं. दारात बायका उभ्या, पण दिवा कुणाच्याच हातात नाही. दिवा खरा, मंडळाची पितळी समई, चित्रासमोर जमिनीवर तेवत ठेवलेली. एकच दिवा, सगळ्यांचा.

आता ती समई आडवी पडली होती. अंगण मधोमध तेलाने माखलं होतं आणि तेल ओघळत खालच्या काठावरून फरशीवर ठिबकत होतं. भावना भिंतीला टेकून उभी होती. रडतही नव्हती.

रमाबाईंच्या मनात पहिला विचार काय आला असेल? बिचारी पोर? छे. पहिला विचार आला, आता भिंत माझी. त्याची त्यांना लाज वाटली, पण विचार काही परत गेला नाही.

"समई जागची हलवू नका कोणी," त्या म्हणाल्या.

"रमाबाई, तुम्हीच बघा बरं," मंडळाचे अध्यक्ष अनंतराव मुळे पुढे येत म्हणाले. अनंतराव म्हणजे शहराचे ड्रॉइंगचे सर. निम्म्या ब्राह्मणपाऱ्याने त्यांच्याकडे सफरचंद आणि सुरई काढली होती, आणि भावनाही त्यांचीच विद्यार्थिनी. "तुमची हयात रेल्वेच्या क्लेम ऑफिसात गेली. कुठला माल आपोआप फुटला आणि कुठला फोडला, हे तुम्हाला कळतं. बघा, आणि सर्वांसमोर सांगून टाका की दिवा आपोआप पडला. कुणावर आळ नको, गाजावाजा नको. प्रदर्शन शांततेचं आहे."

"आणि चित्र?" भावनाने विचारलं.

उत्तर मंडळाचे सचिव शेखर घाटे यांनी दिलं. "चित्र तो गया, भावना. दिवा तूच ठेवला होता. उद्या बाईंना सांगावं लागेल, की आर्टिस्टच्या लापरवाहीने झालं. मग नियमानं दुसरा नंबर वर जाईल."

सगळ्यांच्या माना रमाबाईंकडे वळल्या. एक "हो, आपोआप पडला" म्हटलं की झालं. भिंत त्यांची.

२

रमाबाईंनी सगळ्यांना खाली पिटाळलं. फक्त भावनाला ठेवून घेतलं.

"मी खरंच चुकले का, काकू? समई नीट ठेवली होती मी. हलवून पाहिली होती." भावना समईकडे बोट दाखवत म्हणाली. "नवरा म्हणे, लाइटचा दिवा ठेव. मीच नाही ऐकलं. उद्या सगळे म्हणतील, हिनं हॉल जाळला असता. मले पुन्हा कोण ठेवू देईन चित्र?"

रमाबाई चित्राच्या खालच्या काठाशी आल्या. त्या गुडघ्यावर बसल्या. रेल्वेत असताना तेलाचे डबे फुटून कापडाचे गठ्ठे खराब झाले, की मालवाले आणि रेल्वे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत. तेव्हा रमाबाई माणसांचं ऐकत नसत, डागाचं ऐकत. माणूस खोटं बोलतो. तेल वरून खालीच जातं.

आणि इथे तेल छातीच्या उंचीवरून सुरू झालं होतं. समई होती गुडघ्याएवढी. ती पडून तेल उडालं असतं तर खालचा काठ भिजला असता, बायकांची पावलं भिजली असती. आकाशाखालच्या दारांपर्यंत तेल उडी मारून जात नाही. कुणीतरी समई उचलून चित्रावर रिती केली होती आणि मग आडवी ठेवली होती.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची होती. एवढं तेल, पाच पेटत्या वाती, पातळ कोसा. मग कापडावर जळल्याचा एक ठिपका नको? काजळीची एक रेघ नको? दिवा आधी विझला होता, तेल नंतर सांडलं होतं.

"खिडकी उघडी होती का गं?"

"नाही काकू. दिवा हलू नये म्हणून मीच लावली होती."

रमाबाईंनी समई उजेडात धरली. पाचही वाती रित्या वाटीच्या तळाशी नीट दाबलेल्या. त्यांतल्या तीन वातींना काहीतरी चिकटलं होतं, टोकाला करपलेलं. त्यांनी केसातली पिन काढून ते हळूच सोडवलं. पिवळ्या पाकळ्या होत्या. लांब, सडपातळ.

त्यांनी वर पाहिलं. हॉलात जिकडे तिकडे झेंडूच्या माळा. झेंडूची पाकळी आखूड आणि मुडपलेली असते. ही झेंडूची नव्हती. ही शेवंती होती. आणि हॉलात शेवंती आणलीच नव्हती. प्रदर्शन सगळ्यांचं, म्हणून पूजा ठेवायची नाही असं बैठकीतच ठरलं होतं. बायकांपैकी कुणी वेणी माळली होती म्हणावं, तर सगळ्या खिळे ठोकायला आणि जिने चढायला आलेल्या. शृंगार उद्यासाठी राखून ठेवलेला.

"काय सापडलं?" भावनाने विचारलं.

रमाबाईंनी पाकळ्या रुमालात बांधल्या आणि रुमाल कमरेला खोचला. "काही नाही. पोहे खाताना वर कोण कोण आलं होतं?"

भावनाने आठवून सांगितलं. यशदीप, तिचा नवरा, वायर काढायला मागे राहिला होता, तो उशिरा खाली आला. शेखरभैया चाव्या विसरले म्हणून गेले. आणि सर मफलर आणायला.

"आणि तुम्ही," जिन्यातून आवाज आला. शेखर परत आले होते. "राग नका मानू, रमादीदी, पण फायदा तर तुमचाच आहे. लोक खाली हेच बोलून राहिले."

३

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण ज्याने चोरी केली नाही, फक्त करावीशी वाटली, त्याच्या मनात काय असतं? रमाबाईंच्या मनात तर भर दुपारचं ऊन होतं. शेखरच्या बोलण्याचा त्यांना राग आला, आणि तो खोटं बोलत नाही याचा जास्त आला.

त्यांनी मंडळाच्या कपाटातून एक पणती काढली, तेल घातलं, वात लावली आणि हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर ठेवली. एकेकाला वर बोलवायला भावनाला सांगितलं.

आधी यशदीप आला. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात तो इलेक्ट्रिशियन. खिशाला टेस्टर, नखांत काळं.

"पेपरात बायकोचा फोटो आला म्हणे," रमाबाईंनी सहज विचारलं.

यशदीपचा चेहरा पडला. "आला ना. प्लांटात सगळे मले आता 'भावना का आदमी' म्हणून राहिले. चहावाला भी. सच बोलू काकू? बुरा लगा. घरी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. पण चित्र खराब करीन? ते कापड मीच तर आणलं होतं सदर बाजारातून, तिच्यासाठी."

"बरं. जाता जाता तेवढी पणती विझव."

यशदीप वाकला आणि एक फुंकर मारली. वाढदिवसाच्या केकवर मारतात तशी. "आमच्या घरी वंदनेला मेणबत्ती असते, काकू. ती आपली आपण संपते," तो जाताना म्हणाला.

पणती पुन्हा पेटली. शेखर आले ते बसायच्या आधीच भांडायला लागले. त्यांच्या पुतणीचं चित्र निवडीतून गळलं होतं, आणि ते गळवण्यात सर, भावना आणि रमाबाई, तिघांचंही कारस्थान आहे असं त्यांचं ठाम मत होतं.

"मग काढला वचपा?" रमाबाईंनी विचारलं.

"वचपा काढायचा असता तर तुमच्या पाखरांवर पण नसतं टाकलं तेल?" शेखर फणकारले. "मी चाव्या घेतल्या आणि उतरलो. दिवा तेव्हा जळून राहिला होता. माझ्यानंतर कोण आलं, ते बघा."

"विझवता हा जरा?"

शेखरनी जिभेला बोटं लावली आणि वात चिमटीत दाबली. चर्र आवाज झाला. "झालं? का आता हाताचे ठसे पण घेता?"

रमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिसऱ्यांदा पणती लावली. संध्याकाळी सगळे मांडामांड करत होते तो देखावा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. यशदीप शिडीवर, टेस्टर तोंडात धरलेला. शेखर कमरेच्या पेजरकडे दर घटकेला बघणारे. आणि सर उशिरा आलेले, देवळावरून, नेहमीसारखे, कानामागे देवाचं फूल खोचून.

कुठलं फूल होतं? त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचा हात कमरेच्या रुमालावर होता.

४

अनंतराव मफलर गुंडाळून समोर बसले. सरांनी रमाबाईंच्या दोन्ही मुलांना चित्रकला शिकवली होती. यजमान गेले तेव्हा आधी दारात आलेला माणूसही हाच.

"ठरवलंत ना, काय सांगायचं ते?" त्यांनी विचारलं. "लवकर मिटवा रमाबाई. उद्या पाहुणे येतील. तुमचा पडदा खांबामागून काढून मधे लावायला हवा."

"हव, तेही आहेच. सर, दुपारी त्या खात्याच्या बाई तुमच्या तळ्याच्या चित्रापुढे थांबल्या का हो?"

अनंतराव मफलरच्या दशा नीट करू लागले. "त्यांना घाई होती."

"भावनापुढे तर बराच वेळ थांबल्या."

"हो. तिला विचारलं, किससे सीखा? पोरीने अभिमानाने माझ्याकडे बोट केलं. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, अच्छा, स्कूल के ड्रॉइंग मास्टर हैं? आणि पुढे गेल्या." ते हसले, पण हसू ओठांतच राहिलं. "बरोबरच आहे. मास्तरच आहे मी."

खालून कपबशांचा आवाज येत होता.

"बरं, चला," रमाबाई उठत म्हणाल्या. "सर, ती पणती तेवढी विझवता का?"

"विझवता काय म्हणता, रमाबाई?" अनंतराव सवयीने रागावले. वर्गात शुद्धलेखनाची चूक सापडावी तसे. "दिवा विझवू नये. शांत करावा." आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात वर गेला, कानामागे.

कान रिकामा होता.

हात तिथेच राहिला. सरांनी पणतीकडे पाहिलं, मग रमाबाईंकडे. रमाबाईंनी कमरेचा रुमाल काढला, सोडला आणि टेबलावर पसरला. तीन करपलेल्या पाकळ्या.

"फूल समईला चिकटलं, सर," त्या हळू म्हणाल्या. "यशदीपने फुंकर मारली. शेखरनी चिमटीत दाबलं. फूल लावून दिवा शांत करणारे वर आलेल्यांत दोघंच, तुम्ही आणि मी. आणि माझ्यापाशी फूल नव्हतं. तुम्ही नुसती समई लाथाडली असती, तर मीही म्हटलं असतं की आपोआप पडली. पण तुम्ही तेल ओतायच्या आधी दिवा शांत केला. काहून?"

अनंतरावांनी एक पाकळी बोटाने सरळ केली.

"जाळायचं नव्हतं हो," ते म्हणाले. "देवाशपथ, जाळायचं नव्हतं. आणि तेवत्या दिव्याला पाठ दाखवून कसं... आईने शिकवलंय ते. हाताने आपोआप झालं. मग समई उचलली तीही याच हाताने. या हाताने मी तिला ब्रश धरायला शिकवलं, रमाबाई. ती माझ्याहून चांगलं काढते, हे मला ती शाळेत असल्यापासून माहीत आहे. तेव्हा आनंद व्हायचा. आज का नाही झाला? मला काय मिळणार होतं? काही नाही. फक्त ते चित्र उद्या तिथे नको होतं."

"ठाऊक आहे मले."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

रमाबाईंनी पणती स्वतःकडे ओढली. "कारण मघाशी त्या समईकडे पाहत मीही उभी होती, सर. हाच विचार करत. तुम्ही वर आलात, मी पोहे घ्यायला खाली गेली. एवढाच आपल्यातला फरक."

मागे काहीतरी वाजलं. दोघांनी वळून पाहिलं. भावना जिन्याच्या तोंडाशी उभी होती, चहाचे दोन कप हातात घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं.

५

भावनाने कप टेबलावर ठेवले. सरांच्या पुढ्यात सरांचा, बिनसाखरेचा. मग म्हणाली, "मी शिकली ते तुमच्यापाशी. तेलाचा डाग कसा काढायचा ते शिकवलंच नाही तुम्ही."

सर उठले, पोरीपुढे उभे राहिले आणि हात जोडले. तिने ते हात खाली केले. क्षमा वगैरे पुस्तकात पटकन होते. इथे नुसती शांतता झाली, आणि ती काही प्रदर्शनातली नव्हती. मग सर स्वतःच खाली गेले आणि मंडळाच्या अंगणात सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगून आले. सरांमागून वर आलेल्या शेखरनी व्यवहाराचं बोलून घेतलं.

"जो हुआ सो हुआ. लापरवाही भावनाची नव्हती, हे बाईंना सांगू. पण डागाळलेलं चित्र सरकारी भिंतीवर कसं जाईल? रमादीदी, बधाई हो. भिंत तुमची."

भिंत तुमची. रमाबाईंनी हे शब्द ऐकले आणि त्यांना आतून गोड वाटलं, अगदी खोटं कशाला बोला. आणि आता तर यात पापही नव्हतं. खरं शोधलं, पोरीवरचा आळ काढला, आता मिळतंय ते घ्यावं.

यशदीपही वर येऊन, शिडीवर चढून चित्र उतरवत होता. त्याने कापडाचं वरचं टोक सोडलं आणि ते हातांवर घेऊन वळला. क्षणभर कापड ट्यूबलाइटच्या पुढे आलं.

आणि तेलाने माखलेलं अंगण उजळलं.

कुणाचंच लक्ष नव्हतं. भावना फरशी पुसत होती, शेखर पेजर बघत होते. फक्त रमाबाईंनी पाहिलं. त्यांना ते पाहायची सवय होती. तेल प्यायलेलं कापड उजेडाला धरलं की उजेड आरपार येतो. गठ्ठे तपासताना त्या असेच धरत. कोरडा भाग सांजेसारखा काळोखा राहिला होता आणि मधलं अंगण, बायकांच्या दारांपर्यंत, आतून दिवा लागल्यासारखं पिवळं झालं होतं. चित्रात दिवा नव्हता. आता होता.

तोंड उघडलं तर भिंत गेली. नाही उघडलं तर कुणाला कधीच कळणार नाही.

यशदीपने कापडाची घडी घालायला घेतली.

"अरे थांब ना, पोट्ट्या!" रमाबाई खेकसल्या. चांगुलपणाने नाही, चक्क रागाने बोलल्या. दोन हिवाळ्यांची पाखरं डोळ्यांसमोरून उडून जात होती, राग येणारच. "घडी काय घालून राहिला? धर ते तसंच. भावना, इकडे ये. तिथून नाही, इथून पाहा. आणि रडू नको, आधी पाहा. यशदीप, याच्यामागे हातभर सोडून बल्ब लावता येते का? कापडाला गरम नको व्हायला."

भावना आली. तिने पाहिलं. हातातलं फडकं तसंच खाली गळालं.

"काकू," ती म्हणाली. "पण मग तुमची भिंत?"

"मले नको विचारू," रमाबाई म्हणाल्या. "मी हव म्हणायच्या आत बल्ब लाव."

सकाळी खात्याच्या बाई आल्या आणि 'अंगणा'समोर कालच्यापेक्षा जास्त वेळ थांबल्या. चित्र आता भिंतीपासून सुटं, हॉलच्या मधोमध टांगलेलं होतं. समई पुढे, पण चांगली लांब ठेवली होती. उद्घाटनाला समई कुणी लावायची असं शेखरनी विचारलं, तेव्हा भावनाने पाहुण्यांकडे पाहिलं नाही. ती मागच्या रांगेत जाऊन सरांपाशी उभी राहिली.

"चला सर," ती म्हणाली. "शांत तुम्ही केली. लावा बी तुम्हीच."

पाचवी वात लावायला सरांना तीन काड्या लागल्या. टाळ्या झाल्या. मागे बल्ब लागला, अंगण उजळलं, आणि गर्दीतून हलकेच "अरे वा" निघालं. भिंत भावनाचीच राहिली.

रमाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, आपल्या पाखरांशेजारी. त्यांना वाटलं होतं आज बरं वाटेल. कसलं काय! चित्र कालच्यापेक्षा दुप्पट चांगलं झालं होतं आणि पोटातली जळजळही दुप्पट.

थोड्या वेळाने अनंतराव गर्दीतून वाट काढत माठाशी आले. त्यांनी पाणी घेतलं, प्यायले आणि तिथेच उभे राहिले. कानामागे आज फूल नव्हतं. दोघंही समोर पाहत होते.

"सर," रमाबाईंनी हळूच विचारलं, "दुखून राहिलं ना पोटात?"

अनंतरावांनी आयुष्यभर पोरांची भाषा सुधारली होती. आज त्यांना ते जमलं नाही.

"हव," ते म्हणाले. "तुमाले?"

"मलेही."

रमाबाईंनी बाकावरची आपली पिशवी उचलली आणि त्यांना बसायला जागा केली.